पाटी म्हणजे पत्ता

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे : 'येथे कचरा टाकू नये.' वर माननीय नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो. परवा समोरच्या इमारतीत नवे भाडेकरू आले. कचरा कुठे टाकायचा, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

पाटी वाचली.

त्यांचं काय चुकलं? जिथे कुणी कचरा टाकतच नाही, तिथे 'टाकू नये' असं लिहायला कोण जातं?

सामाजिक मानसशास्त्रवाल्यांचं हे मोजूनही झालंय. अमेरिकेत ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. दगड झालेली प्राचीन झाडं आणि त्यांचे तुकडे गुपचूप खिशात घालणारे पर्यटक, अशी तिथली नैसर्गिक संपत्ती. तुकड्या-तुकड्यानं वर्षाला 14 टन चोरीला जातं हो, असा गळा उद्यानानं पाटीवर काढला होता. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणेचे तुकडे टाकले आणि पाट्या बदलून पाहिल्या. 'आजवर पुष्कळांनी नेले' असं सांगणाऱ्या पाटीजवळ शंभरातले जवळपास आठ तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' एवढंच म्हणणाऱ्या पाटीजवळ दोनसुद्धा नाहीत.

पुष्कळांनी नेले? मग आपलाच खिसा रिकामा का?

आता आपली बातमी घ्या. 'विनाहेल्मेट हजारो दुचाकीस्वारांवर कारवाई.' पोलीस पाठवतात, आम्ही छापतो. पुणेकर चहाचा घोट घेत वाचतो आणि निर्धास्त होतो. हजारो आहेत म्हणजे आपण एकटे नाही.

मग दंड लावा, म्हणे. इस्रायलमध्ये हैफाच्या पाळणाघरांत हाही प्रयोग झाला. मुलाला न्यायला उशीर केला तर 10 शेकेल दंड. झालं काय, तर उशिरा येणारे पालक जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंसमोर मान खाली घालावी लागायची, आता पैसे टाकले की मान ताठ. दंड मागे घेतला, तरी पालक उशिराच येत राहिले. आमच्या सोसायटीनं चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला रोज शंभर रुपये दंड ठेवलाय. एका गृहस्थांनी महिन्याचे एकरकमी भरले.

पावती मागितली. वर पुढच्या महिन्याचंही विचारून ठेवलं.

दंड नको, तर लाज? गावोगावच्या 'गुड मॉर्निंग पथकां'नी पहाटे टमरेलवाल्यांना गाठून गुलाबाची फुलं दिली. संडास आहे पण पाणी नाही, त्यानं त्या फुलाचं काय करावं? तो आणखी अर्धा तास लवकर उठू लागला. पथकाला तेवढं लवकर उठणं जमेना.

मुंबई पोलिसांचा सिग्नल आठवतो? हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. हॉर्न वाजवा, थांबत बसा. जानेवारी 2020मध्ये त्याचा व्हिडिओ आला आणि जगभर गाजला.

हॉर्न वाजतोच आहे.

शहाणपणाचा प्रयोग याच मुंबईत झाला होता, वडाळ्याजवळ, 2010च्या सुमारास. लोक रूळ ओलांडताना मरत होते. 'रूळ ओलांडणे गुन्हा आहे' हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, मरणाऱ्यांनासुद्धा. 'फायनल माइल' या सल्लागार संस्थेनं पाटीऐवजी माणसाकडे पाहिलं. मोठी वस्तू लांबून येताना असते त्यापेक्षा हळू वाटते, गाडीच्या वेगाचा अंदाज तिथेच चुकतो. म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी ते कसे भराभर गिळत येते, हे दिसलं की वेग कळतो. एका लांबलचक शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या, कारण मधल्या शांततेनं कान टवकारतात. आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या घाबऱ्या चेहऱ्याचे फोटो. उपदेश शून्य. तिथले मृत्यू कमी झाल्याच्या बातम्या आल्या.

मग सगळ्या स्थानकांवर हेच का नाही? अहो, चार डबे पिवळ्या रंगात टेंडर कसलं निघणार!

माणसाकडे पाहण्याच्या या शास्त्राचे आपले खरे जाणकार म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवणारे गवंडी. एका सरकारी कार्यालयात परवा पाहिलं. गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, क्रूस, सगळे एका ओळीत, एका उंचीवर. सर्वधर्मसमभाव इतका चकचकीत दुसरीकडे कुठेच दिसला नव्हता. त्या कोपऱ्यात पानाची एक पिंक नाही. वरच्या मजल्यावर टाइल्स संपल्या होत्या. तिथे 'थुंकू नये' अशी पाटी होती.

पाटी वाचता येत नव्हती. लाल झाली होती.

तेव्हा नगरसेवकसाहेब, पुढची पाटी रंगवण्याआधी एक आठवडा आमच्या कोपऱ्यावर उभे राहा. कोण येतं, किती वाजता येतं, घंटागाडी त्याआधी येते की नंतर, हे मोजा. उपाय करा, मग पुन्हा आठवडाभर उभं राहून मोजा. वास येईल, रुमाल आणा. फोटोग्राफर नको.