गोलू सापडला काय?

"दादा, दुसरा येऊन रायला! कलियुग!" काकूंचा बाबू कुंपणापलीकडून ओरडला. बाबू बारावीत आहे, निदान घरच्यांची तशी समजूत आहे.

"कलियुग तं केवाचंच आलं बापा," वालाच्या शेंगा तोडता तोडता काकू म्हणाल्या. "तुले आज समजलं काय?"

आमच्या आणि त्यांच्या सांदवाडीच्या मध्ये काट्याचं कुंपण आहे आणि त्यावर वालाचा वेल असा माजला आहे की पलीकडचं तोंड दिसत नाही. आवाज मात्र शब्दन्‌शब्द येतो. तिरोड्यात बातमी फिरायला याहून चांगली सोय नाही.

दादा म्हणजे माझा पुतण्या. हिंजवडीत नोकरीला, लग्नाच्या निमित्तानं गावी आलेला. त्यानं तोंड धुता धुता उत्तर दिलं, "आला नाही रे, घोषणा झाली फक्त. 'राजी : कलियुग'. नोव्हेंबरात एक्सबॉक्सवाल्यांनी दाखवला. अन् तू जुन्याची पुरवणी, एक्सपान्शन म्हणून नको सांगत फिरू, पूर्ण नवा खेळ आहे तो."

"मंग जुन्यात पुढचा भाग नाही टाकत?"

"जुन्याला एकदा पॉलिश करून झालं ना, २०२२ मध्ये. आता त्याला कितींदा धुशील?"

"कोनाले धुऊन रायले?" काकूंनी विचारलं. मग दादाला सगळं बैजवार सांगावं लागलं. काकूंना अर्धवट काही चालत नाही; वरणाला फोडणी आणि गोष्टीला शेवट हवाच.

तर गोष्ट अशी. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची लहानशी मंडळी आहे. त्यांनी २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ खेळ आणला. राजी ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी अनाथ मुलगी. तिला एकच धाकटा भाऊ, गोलू. जत्रेत असुर येतात आणि लेकरं उचलून नेतात, त्यात गोलूही जातो. मग दुर्गेच्या कृपेनं राजीच्या हाती त्रिशूळ येतो आणि ती भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून पाहत असतात, आपसांत बोलत असतात. महाबलासुर नावाचा मुख्य राक्षस. किल्ले राजस्थानातल्यासारखे, भिंतींवरची चित्रं हातानं रंगवल्यासारखी. संगीत मात्र एका ग्रीक माणसाचं, लिनोस त्झेलोस नावाचा, आणि तरी ते परकं वाटत नाही, असं दादाचं मत. ही गोष्ट मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांत ऐकायला मिळाली याचं मला बरं वाटलं. भाऊबीज होऊन गेलेली, गावोगाव मंडई भरून राहिलेली. हरवलेल्या भावाची गोष्ट आमच्याकडे या दिवसांत कुणाच्याही काळजाला लागते.

काकूंच्या तर लागलीच. शेंगांची टोपली खाली ठेवून म्हणाल्या, "मायबाप नाही अन् मंडईत लेकरू नेलं. बहिनीनंच शोधाव लागन मंग. सापडला काय गोलू?"

दादा गप्प.

"अरे सांग ना!"

"काकू, बाबूनं अजून पूर्ण खेळला नाही. शेवट सांगितला तर तो मला कुंपणावरून दगड मारेल."

"हाव, मारीन," बाबू म्हणाला.

"मले कानात सांग."

"कुंपणातून कानात कसं सांगू? एवढंच सांगतो, शेवट लटकता ठेवला. पाचेक तासांत खेळ संपते अन् माणूस पडद्याकडे पाहत बसते, की आता पुढं काय. पाच वर्षं झाली, लोक बसलेच आहेत."

काकूंचा जीव खालीवर. पण लहान मंडळींच्या कामाला शेवट का नसतो, हेही दादानं सांगितलं. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर जगाकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही, म्हणजे नियमाप्रमाणे जमलेलेही हाती आले नाहीत. मग तिघा संस्थापकांपैकी एकानं, अविचल सिंग यांनी, काम चालू राहावं म्हणून स्वतःचं घर विकलं. ज्यांच्या अनरियल इंजिनवर खेळ बांधला, त्या एपिक कंपनीकडून अनुदानही मिळालं.

"घर इकलं?" काकूंना इथे गोलूचाही विसर पडला. "खेळासाठी? घरचे काय म्हने?"

"ते कुठं छापून नाही आलं."

"आलं नसन. पन म्हटलंच असन."

माझं मत विचारलं नव्हतं, तरी सांगतो. घर विकून केलेला खेळ पाच तासांचा झाला, तर तो लहान का, असं विचारणं मला जमणार नाही. समीक्षकांना जमलं. लढाई अडखळते, मुलीचा आवाज कृत्रिम वाटतो, शेवट तुटका आहे, असं बरंच ऐकावं लागलं त्यांना. खोटं नव्हतंच ते. पण २०२० मध्येच द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत 'राजी'ला नामांकन मिळालं होतं. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'ला गेलं, भुतं शोधायच्या खेळाला.

"मंडईतही भुताच्या नाटकालेच गर्दी," खाटेवरून मामाजी बोलले. मामाजी म्हणजे काकूंचे सासरे. ते झोपलेत असं समजून बोलू नये, हा धडा आमच्या आळीनं वारंवार घेतला आहे.

आता खरा वाद सुरू झाला. बाबूचं म्हणणं, जुना खेळ नवा करून विकणं ही लबाडी. त्याचा दाखला 'ऑब्लिव्हियन'. २००६ चा खेळ, तलवारी, जादू, नरकाची दारं. २२ एप्रिल २०२५ ला घोषणा झाली आणि त्याच दिवशी नव्या रूपात विक्रीलाही आला. चित्रं नवी, चेहरे नवे, आणि संगणकात जागा मागतो सव्वाशे जीबी. बाबूच्या जुन्या लॅपटॉपवर तो चालण्याची शक्यता नाही, म्हणून त्याचा राग अधिक शुद्ध.

"त्यात 'शिव्हरिंग आइल्स' आतच दिलं ना," दादा म्हणाला. "२००७ चं एक्सपान्शन, तेव्हा वेगळे पैसे पडत."

"अन् घोड्याचं चिलखत?"

दादा हसला. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन'च्या कंपनीनं खेळातल्या घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं होतं. खेळाडूंनी जगभर टर उडवली. खेळाच्या आत फुटकळ वस्तू विकण्याचा धंदा त्यानंतर केवढा वाढला, ते सगळ्यांना माहीतच आहे. नव्या आवृत्तीत महागड्या संचाबरोबर पुन्हा घोड्याचं चिलखत आहे. नवं कोरं. आपलीच चेष्टा आपणच विकायची, हा धंदा मला बेहद्द आवडला.

"घोडा कोठी बांधला आहे?" काकू.

"कॉम्प्युटरात, माय."

"अन् चिलखताचे पैसे खरे?"

"खरे."

काकूंनी यावर जे म्हटलं ते मासिकात छापता येणार नाही.

मामाजी उठून बसले. त्यांनी तरुणपणी दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, केलेली, रात्र रात्र जागवलेली. म्हणाले, "वडश्याच्या नाटक कंपन्या हेच तं करतात. नाटक तेच, संच नवा. लाइट नवे, पडदे नवे, नाच दोन जास्तीचे. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव तेच लावतात अन् लोक पैसे देऊन पाहतात. त्यात लबाडी काय?"

"पण आबा, तुम्ही नाटकाचा शेवट तरी दाखवत होते," बाबू.

मामाजी थोडे थांबले. "हाव. शेवट नाही दाखवला तं लोक मंडप पाडत."

मला वाटतं, या सगळ्या बोलण्यात कामाचं वाक्य एवढंच झालं. 'राजी'ची २०२२ ची सुधारलेली आवृत्ती मोठ्या कंपनीच्या हिशेबाची नव्हती. पहिल्या वेळी पैशाअभावी जे अडखळलं होतं ते तिनं नीट केलं: हालचाली, लढाई, मधले प्रसंग, शिवाय हिंदी आवाज घातले. पण गोष्ट तिथल्या तिथेच राहिली. मंडप कुणी पाडला नाही, कारण या मंडपातले प्रेक्षक आपापल्या घरी एकेकटे बसलेले असतात. म्हणून 'कलियुग'ची बातमी आली तेव्हा बाबू ओरडला, आणि म्हणूनच दादा त्याला एक्सपान्शन म्हणू देत नव्हता. अपुऱ्या गोष्टीचा राहिलेला तुकडा म्हणून नको, अख्खी नवी गोष्ट म्हणून ती यावी, एवढा मान त्याला त्या पुण्याच्या लोकांना द्यायचा होता. त्यानं हे असं बोलून दाखवलं नाही. तो तोंड पुसत होता.

"हिंदीत बोलते म्हणतोस," काकू पुन्हा मूळपदावर आल्या. "मराठीत?"

"नाही."

"पुन्याचे लोक अन् मराठीत नाही?"

"काकू, खेळ जगभर विकायचा असते."

"जगभर इका ना. मी नाही कोठी म्हनून रायली? पन दुर्गा माय त्या पोरीसंग आपल्या भाषेत बोलली असती तं काय बिघडलं असतं?"

दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही, आणि मी शोधणारही नाही, कारण काकूंचा मुद्दा बरोबर आहे.

"बाबू," त्या म्हणाल्या, "जुना लाव आधी. मी बसतो बाजूले. शेवट मी आपल्या डोळ्यानं पाहीन."

बाबूनं संधी साधली. "मस्त चालवाचा तं ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप लागन, माय."

"कितीले?"

दादानं हलक्या आवाजात आकडा सांगितला. वेलाआड बराच वेळ फक्त शेंगा तुटल्याचा आवाज.

"धानाचा चुकारा होऊ दे," काकू म्हणाल्या, "मंग पाहू."

"चुकाऱ्याचं सोड," मामाजी म्हणाले, "धानाच्या बोनसचं काय झालं? सरकारनं जाहीर केला काय?"

मग बोनसवर जी गोष्ट निघाली तिलाही अजून शेवट नाही.