बऱ्हाणपुरातील तरुणांसाठी संकोच-संवर्धनाची शास्त्रोक्त पद्धत

चारचौघांत बोलताना, खाताना किंवा नुसते उभे असतानाही लोक मनातल्या मनात आपली हजेरी घेत आहेत, ही भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून रोजच्या व्यवहाराला आडवी येऊ लागली, की मानसोपचारशास्त्र तिला सामाजिक चिंताविकार म्हणते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तिला 1980 साली स्वतंत्र स्थान मिळाले. तापीकाठी मात्र ‘चार लोक काय म्हणतील’ या घरगुती रूपात ती त्याआधीपासूनच नांदत होती. हाती मोबाइल घेऊनच वयात आलेल्या पिढीने चार लोकांचे चारशे फॉलोअर्स केले असून, हा वाढता वारसा कोमेजू नये यासाठी पुढील विधी सांगितला आहे.

साधकाने व्हॉइस नोट बोलावी, ऐकावी, पुसावी, पुन्हा बोलावी आणि अखेरीस ‘हो’ एवढेच टाइप करून पाठवावे. निळ्या खुणा उमटूनही उत्तर आले नाही, तर त्याचे कारण स्वतःच्या स्वभावातच शोधावे. बोलून गेलेले पुसण्याची सोय समोरासमोरच्या संभाषणात नसल्यामुळे असे संभाषण असुरक्षित समजावे. मावा जिलेबीच्या दुकानापुढे उभे राहिल्यावर ‘पाव किलो’ हिंदीत मागावे की मराठीत, याची मनात तालीम करीत मागच्या गिऱ्हाइकांना पुढे जाऊ द्यावे आणि दुकानदाराने ‘हां, बोलो’ म्हणताच बंद फोन कानाला लावून चालू पडावे. या युक्तीस सुरक्षा-वर्तन म्हणतात. म्हणजे भीती खरी की खोटी हे कळण्याआधीच माणसाची सुटका करणारी, आणि म्हणूनच त्या भीतीला आयुष्य बहाल करणारी कृती. लग्नात रावेरच्या काकूंनी ‘काय रे, ओळखलंस का मला?’ असे विचारल्यास ‘नाही’ म्हणणे सोपे असले तरी ते वर्ज्य आहे. ओळखल्यासारखे हसून पाणी आणायला जावे आणि परत येऊ नये.

स्थानिक इतिहासापासूनही साधकाने जपून राहावे. 1615 च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील टॉमस रो याच शहरात शहजादा परवेझच्या दरबारात उभा राहिला; जमिनीला डोके टेकवण्यास त्याने नकार दिला, वर चढून बोलण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेल्यावर खुर्ची मागितली, आणि तीही न मिळाल्यावर चांदीने मढवलेल्या खांबाला टेकण्याची सवलत पदरात पाडून घेतली. भर दरबारात इतके नकार पचवूनही माणूस धडधाकट राहतो, ही माहिती साधनेस मारक आहे.

त्याहून मारक म्हणजे थांबून राहणे. धडधड सुरू असतानाही दुकानापुढून न हलल्यास ती बहुधा आपोआप ओसरते, आणि असे वारंवार घडू दिल्यास भीतीचा धाक उरत नाही. उपचारतज्ज्ञ नेमके हेच पायरीपायरीने करवून घेतात. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असल्याने हा धोका घरबसल्याही उद्भवू शकतो. सुदैवाने तेथे अनोळखी माणसाशी फोनवर बोलावे लागते, त्यामुळे निष्ठावान साधक क्रमांक जपून ठेवतो आणि आधी काय बोलायचे ते लिहून काढायला बसतो.