नानांचं ऑडिट

ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही फाट्यावर उतरा, चहाच्या टपरीला टेकलेले एक नाना सापडतातच. आमचे नाना बांधकाम खात्याचे निवृत्त मैलकुली. फावडं खात्यात जमा केलं, रस्ता अजून केलेला नाही. रस्ता तपासायला साहेब आले की आधी नाना साहेबांना तपासतात.

पहिले आले ब्लॅक स्पॉटवाले. त्यांचा हिशेब महामार्गाचा: 500 मीटरच्या तुकड्यात 3 वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू, की तो तुकडा ब्लॅक स्पॉट. नानांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे अजून किती पडाय पायजेत?" प्रश्न आगाऊ असला तरी खरा होता. गावरस्त्यावर पडलेला माणूस उठतो, धोतर झटकतो आणि हाडवैद्याकडे जातो. पोलिसांत जायला त्याच्याकडे लायसन कुठाय? कागदावर रस्ता निष्कलंक.

दुसरे आले गाडीवर कॅमेरे लावून. ही आयरॅप या आंतरराष्ट्रीय रस्ते-मूल्यमापन कार्यक्रमाची पद्धत. अपघाताची वाट न पाहता दर 100 मीटरला वळण, साइडपट्टी, कडेची झाडं बघायची आणि 1 ते 5 तारे द्यायचे. मोटारवाल्याला वेगळे, दुचाकीला, सायकलला नि पायी चालणाऱ्याला वेगळे. एकाच रस्त्यात मोटारीला तीन आणि पायी माणसाला एकच तारा मिळू शकतो म्हटल्यावर नाना खूश. मग विचारलं, "आन् बैलगाडीला?" साहेबांनी लॅपटॉपात शोधलं. रकानाच नव्हता. त्या दिवशीचा चहा नानांनी विजयी मुद्रेनं साहेबांच्याच खात्यावर प्यायला.

तिसरे रस्ता सुरक्षा ऑडिटवाले. नियमानं रात्रीही फिरायचं असतं. हे दुपारी आले आणि जेवून गेले.

नानांची स्वतःची पद्धत वळणावरच्या बाभळीत आहे. खोडावर बोट फिरवत ते वाचतात: गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल रंग, म्हणजे मोटारसायकल, छातीएवढ्या उंचीवर साल सोललेली, म्हणजे उसाची ट्रॉली, मुळाशी काचेचा चुरा अजून चकाकतोय, म्हणजे परवाचाच. यातलं एकही पोलिसदप्तरी नाही. थोडक्यात हुकलेले अपघात मोजण्याची रीतसर पद्धत परदेशात आहे, असं सांगितलं तेव्हा म्हणाले, "तकडं बी बाभळी हाईत व्हय?"

त्यांचा मोठा शोध म्हणजे रस्त्याचे तारे पिकावर ठरतात. ऊस डोक्याच्या वर गेला की वळणापलीकडचं दिसत नाही. तोड झाली की तोच रस्ता सरळमार्गी होतो. कॅमेऱ्याची गाडी नेमकी फड मोकळा झाल्यावर आली होती. नव्या डांबराचंही त्यांना कौतुक नाही. "खड्डं व्हतं तवर पोरं दमानं जायची."

माझं मत विचाराल तर तारेवालेच त्यातल्या त्यात बरे, फक्त त्यांनी ऊस उभा असताना यावं आणि नानांना गाडीत बसवावं. तोवर तुम्ही एवढं करा: त्या वळणावर हॉर्न द्या. समोरून नाना येत असतील, आणि त्यांच्या लुनाला दिवा नाही.