इतकंही देशी नको

चाकणच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या फाटकाशी हिरवळ असते. ऑक्टोबरच्या उन्हात तिला सकाळ-संध्याकाळ फवारे लागतात, आणि इतकं करून ती दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी रुसलेलीच. कुंपणापलीकडे मुरमात तरवड उभा असतो. त्याच्या वाट्याला दिवसभर डंपरची धूळ येते. तरी पठ्ठ्या पिवळाधमक!

आमच्या सोसायटीत ‘देशी झाडं लावू या’ असा ठराव झाला. पहिल्या यादीत झेंडू, बोगनवेल आणि गुलमोहर. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, गुलमोहर मादागास्करचा. मी तरवड सुचवला. सभेत शांतता पसरली. मग एक काकू म्हणाल्या, “देशी म्हणजे इतकंही देशी नको हो!”

तरी मी तो लावायचं ठरवलंच. पण नर्सरीत तरवड मागितला तर माणूस आपल्याकडे काळजीने बघतो. त्यामुळे बी माळावरूनच आणावं लागतं. शिक्रापूर रस्त्याच्या कडेला चपट्या, कागदी शेंगा वाळलेल्या मिळतात. बियांचं कवच कडक. ते पॉलिशपेपरवर जरा घासायचं किंवा बी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवायचं. मूळ खोल जातं आणि रोप हलवलेलं त्याला खपत नाही, म्हणून शक्यतो जागेवरच पेरावं. दिवसभर ऊन हवं, पाणी साचता कामा नये. पहिला उन्हाळा थोडं पाणी, पुढे काही नाही.

हे ‘काही नाही’च फार अवघड. माळ्याला पगार पाणी घालण्याचा मिळतो. तो नळी घेऊन येणारच. शेवटी बीड जिल्ह्यातून आलेल्या आमच्या वॉचमननी त्याला अडवलं. “अहो, आमच्या बांधावर ह्याला कुणी इचारत नाही. पाणी नका घालू, लाडावतंय ते.”

फूल आलं तसे भुंगे आले. ह्या फुलात मध नसतो, नुसते पराग, तेही परागकोशात कोंडलेले. कोशाच्या टोकाला बारीक भोक. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, आणि पराग भोकातून झडतात. भोसरीत प्रेसशॉपवर उमेदीची वर्षं काढलेले शेजारी चष्मा सावरत वाकले आणि म्हणाले, “अरे, हा तर व्हायब्रेटरी फीडर!” तेव्हापासून ते रोज सकाळी शिफ्टला आल्यासारखे येतात.

एकेकाळी तरवडाच्या सालीने चामडं कमवायचे. विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा गेल्या, पंप आले, आणि सालीला विचारणारं कुणी राहिलं नाही. प्रतिष्ठा परत आली ती व्हॉट्सअ‍ॅपवरून: तरवड म्हणे शुगरवर चालतो. दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धी फुलं गायब. उरलेली नवरात्रात घटाच्या माळेला गेली. तेलंगणात ह्याच दिवसांत बतुकम्मा रचतात, त्यात हीच फुलं असतात. तिथे तर तरवड राज्यपुष्प आहे. ही माहिती बी विंगमधल्या वारंगळच्या वहिनींनी सभेत दिली, आणि ‘इतकंही देशी नको’ म्हणणाऱ्या काकूंनी त्यांच्याकडूनच दोन शेंगा मागून घेतल्या.

आता कमिटीने तरवडाखाली पाटी लावली आहे: ‘फुले तोडू नयेत.’ झेंडूला अजून पाटी मिळालेली नाही.