मानांकित वरणफळं

संध्याकाळचे सात वाजले की मराठवाड्यातल्या घरोघरी एकच पेपर सुरू होतो: 'आज काय करायलीस?' लातूर पॅटर्नने पोरांना गुणवत्ता यादीत बसवून दाखवलं, पण या एका प्रश्नाचं गाइड अजून कुणी काढलेलं नाही.

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. म्हणजे तुरीच्या डाळीपासून दोन्हीकडे सुटका नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात आमचे हे मांडी घालून बसतात, ताटात पडेल ती डाळ-रोटी हात जोडून घेतात. 'आज पुन्हा डाळच का?' असं तिथं चुकूनही विचारत नाहीत. तो प्रश्न घरासाठी राखून ठेवलेला असतो.

माझी उत्तरं ठरलेली आहेत. पाहुणे अचानक आले तर येसर. भाजून दळलेलं पीठ डब्यात असलं की अर्धा स्वयंपाक झालेलाच असतो. पाण्यात कालवायचं, लसणाच्या फोडणीवर उकळायचं, भाकरी कुस्करायची. भाजी महागली तर पिठलं. आणि दोन्ही पाय बोलायला लागले की वरणफळं.

डाळ कुकरला लावायची, तोवर घट्ट कणीक मळायची. फोडणीत लसूण जरा लाल होऊ द्यायचा, मग वरण, काळा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. पोळी लाटून तिचे शंकरपाळे कापायचे आणि खळखळत्या वरणात एकेक सोडायचे. घाईनं सगळे एकदम लोटले तर त्यांचा लगदा होतो. वर कोथिंबीर. तूप असेल तर तूप, महिनाअखेर असेल तर कच्चं तेल. सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा.

इतकं करूनही सासूबाई पातेल्यात डोकावून म्हणायच्या, "स्वैपाकाचा कंटाळा आला वाटतं आज."

मग 2024 साल उजाडलं. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. डाळ, चिंच, कोथिंबीर! सरकारनं माझ्या कंटाळ्यालाच शिक्का मारून दिला की! जालन्याची दगडी ज्वारीही त्याच वर्षी मानांकित झाली, म्हणजे भाकरीचीही सोय लागली.

यांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. त्या रात्री पहिला घास तोंडात घोळवत, डोळे मिटून त्यांनी विचारलं, "ही डाळ बोरसुरीचीच ना?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातली आहे."

"मग अस्सल चव कशी यायची? मानांकनात गावाला महत्त्व असतं."

"असतं ना," मी म्हटलं. "या वरणफळांचं गाव म्हणजे आपलं स्वयंपाकघर. तुम्ही तिथं शेवटचे कधी गेला होतात?"