लागतंकाका

रेंज ट्रेकला निघालेल्या प्रत्येक गटात एक लागतंकाका असतोच. तुमच्याही गटात असणार. कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलमध्ये ज्याची सॅक खिडकीशी बसते आणि जो स्वतः दारात उभा राहतो, तो. सॅकच्या बाहेर मग लटकतोय, मगाच्या कानाला गाळणं बांधलंय, गाळण्याला सुतळीचं बंडल. "काका, हे कशाला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "असू दे रे, लागतं."

आमचे काका बँकेतून निवृत्त झाले. उभी हयात लोकांच्या ठेवी सांभाळण्यात गेली, आता स्वतःच्या ठेवी पाठीवर घेऊन डोंगरात हिंडतात. रतनगड ते हरिश्चंद्रगड ही त्यांची लाडकी वाट. रतनवाडीतून चढायचं, गडावरच्या गुहेत मुक्काम ठोकायचा, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पेठेची वाडी, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. ज्यांनी ही चाल केली आहे त्यांना ठाऊक आहे, की सकाळी पाठीवर घेतलेला पावशेर दुपारच्या उन्हात किलोचा होतो. काकांनाही ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की वजन काय, संध्याकाळी उतरतं. नसलेली वस्तू जंगलात उगवत नाही.

त्या सॅकमध्ये असतं काय? हिंगाची डबी, आमसुलं, सुंठ, सांडशी, किसणी, सुई-दोरा, सेफ्टी पिनांची माळ, दाभण, मेणबत्त्या, क्रेप बँडेज, इलेक्ट्रालच्या पुड्या आणि पायजम्याची एक जास्तीची नाडी. कुणाच्या पायजम्याची, ते विचारायचं नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या कॅरीबॅगेत, आणि प्रत्येक कॅरीबॅगेच्या तोंडाला गाठ. दिवसभराच्या चालीने मेलेली माणसं गुहेत ओळीने पडलेली असताना पहाटे चारला काकांना चष्मा हवा होतो. चष्मा सॅकच्या तळाशी. मग वरच्या सगळ्या पिशव्या एकेक करून बाहेर. खर्र, खुर्र, खर्र. "झोपा, झोपा तुम्ही," असं काका खणखणीत आवाजात सांगतात, त्यामुळे उरलेसुरलेही जागे होतात. एकदा आम्ही त्यांची सॅक मुद्दाम उलटी भरून दिली. चष्मा तरीही तळाशीच निघाला.

हेही चालवून घेतलं असतं. खरा प्रश्न पोळपाटाचा आहे.

होय, पोळपाट. लाकडी, तीन पायांचा, काठाला घासून गुळगुळीत झालेला, मधोमध जुन्या सुरीच्या रेघा. सॅकच्या पाठीवर सुतळीने उभा बांधलेला. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापाशी एका पोराने तो मागून पाहिला आणि विचारलं, "बाबा, ही ढाल हाये का?" काकांनी लगेच सॅक उतरवली, पोळपाट सोडला, त्याच्या हातात दिला. "पोळपाट आहे बाळा."

पोराने तो उलटसुलट केला. "मंग लाटणं कुठंय?"

"लाटणं कशाला? उगाच वजन!"

हा संवाद आम्हाला पाठ आहे. रतनगडाच्या पायथ्याला एका गुराख्याने हेच विचारलं, कुमशेतमध्ये एका आजीने विचारलं. आजी तर हसलीही नाही. "मंग पोळ्या कशा करता?" तिने काळजीने चौकशी केली. "पोळ्या नाही करत, दशम्या घरूनच आणतो," काका म्हणाले. त्यावर आजीने बाकीच्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर वेड्याला एकट्याने फिरू देणाऱ्या घरच्यांसाठी राखीव असते.

रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर पोळपाट अडकला. वर काका, मध्ये कठड्यात फसलेला पोळपाट, आणि खाली आम्ही सगळे, वर बघत. "खाली ढकला!" "डावीकडे वळा!" अशा सूचना सुरू झाल्या. काकांनी शांतपणे एक हात मागे नेला, सुतळीची एक गाठ सोडली, पोळपाट तिरका केला, पुन्हा गाठ मारली आणि वर गेले. सरकफास होता, एका ओढीने सुटणारा. म्हणजे हे आधीही घडलेलं होतं आणि तरीही पोळपाट आलेला होता. संताप याचा येतो.

आता त्याचे उपयोग ऐका. गुहेतली जमीन कधी सपाट नसते. त्यावर छोटा गॅस ठेवला की खिचडीचं पातेलं कलंडतं. पोळपाटावर कलंडत नाही. "चार पायांची वस्तू डुगडुगते, तीन पायांची डुगडुगत नाही," हे काका दरवेळी नव्याने सांगतात. कांदा त्यावर चिरतात. ओलं सरपण धुमसायला लागलं की त्यानेच वारा घालतात. रात्री मेंढीकोटाची पानं त्यावर पडतात. बसायला पाट, लिहायला डेस्क. एकाचा पाय मुरगळला तेव्हा तो उंचावर टेकवायलाही पोळपाटच होता. क्रेप बँडेज गुंडाळता गुंडाळता काका हळूच म्हणाले, "लाटणं असतं तर पोटरीखालून फिरवून बरं वाटलं असतं. पुढच्या वेळी..." "नको!" अख्खा गट एका सुरात ओरडला. पाय मुरगळलेलाही.

याच गटात आमचा ग्रॅमवीर आहे. पुण्यात आयटीत, वय तिशीच्या आत. तो सॅकमधली प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजतो आणि एक्सेलमध्ये भरतो. टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली. टी-शर्टच्या मानेवरचं लेबलही कापलेलं, का, तर एक ग्रॅम वाचतो. कुमशेतच्या मुक्कामी त्याने काकांना सुधारायला घेतलं.

"काका, एमा गेटवुड म्हणून एक बाई होती अमेरिकेत. 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, अख्खी ॲपलाचियन ट्रेल एकटी चालली. तीन हजार किलोमीटरहून जास्त डोंगरवाट. अकरा मुलांची आई. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. हाताने शिवलेली एक पिशवी खांद्यावर, बस."

काका मन लावून ऐकत होते. "आणि पाऊस आला की?"

"न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा बरोबर घेतला होता तिने."

काकांचा चेहरा उजळला. "घरातला पडदा नेला ना तिने? बघ! लागतं."

पुढच्या ट्रेकला काकांच्या सॅकमध्ये निळ्या माशांचा प्लास्टिकचा पडदा होता. पोळपाटाशिवाय. म्हणजे पोळपाट होताच, पडदा वेगळा.

तत्त्वज्ञानाचं त्यांना वावडं नाही. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत गेलात, तर गार पाण्याच्या मधोमध पिंड दिसते आणि भोवतालच्या चार खांबांपैकी एकच शाबूत दिसतो. त्यावरून चार युगांची कथा सांगणारे गडावर पुष्कळ भेटतात. काकांनी त्या खांबाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चार कशाला, एकाने भागेल, असं तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल. चार होते म्हणून आज एक उरलाय."

या माणसाबद्दल चांगलं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण कात्राबाईच्या खिंडीबद्दल सांगणं भाग आहे.

खिंडीच्या उतारावर ग्रॅमवीराच्या परदेशी, वजनाला हलक्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला. पुढच्या अंगठ्याशी तेवढा धरून होता. पाऊल उचललं की फटाक्, टेकलं की फटाक्. खाली घसारा, गाव लांब. काका काही बोलले नाहीत. सॅक उतरवली, सगळ्या पिशव्या काढल्या, कारण दाभण अर्थातच तळाशी होती. पोळपाट मांडून त्यावर बसले, बूट गुडघ्यांत धरला. दाभणीने भोक पाडायचं, सुतळीला मेणबत्ती घासायची, ओवायची, दातात धरून आवळायची. अर्धा-पाऊण तास ते टाके घालत बसले होते. मान खाली, जाड चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ग्रॅमवीर एका पायावर बूट, दुसऱ्या पायावर मोजा, असा उभा. "दाभण कोण नेतं हो ट्रेकला?" असं तो आदल्या रात्रीच म्हणाला होता. तो बूट हरिश्चंद्रगड उतरेपर्यंत टिकला. सुतळीने बुटाचं वजन काही ग्रॅम वाढलं असणार, पण त्याबद्दल त्याने तक्रार केली नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट बघत आलो आहे. खिचडीत मीठ कमी पडलं की हलक्या सॅकवाले कुणाकडे बघतात? सेलची टॉर्च मेली, नाडी तुटली, घोळाणा फुटला, मधमाशी चावली की हाक कुणाच्या नावाने जाते? ग्रॅमवीराची सॅक एक्सेलमध्ये साडेपाच किलोची दिसते ती काकांच्या जिवावर. त्याचं मीठ, त्याची सुई, त्याचं बँडेज काकांच्या पाठीवर चढून आलेलं असतं. हिशेबात खोट नाही, फक्त खातं दुसऱ्याच्या नावावर आहे. आणि काका बँकेतले असूनही त्यांनी हे कधी कुणाला दाखवलं नाही. उलट आपल्याच चहाच्या पातेल्यातला शेवटचा कप त्याला देत त्याच्याकडून हलकं कसं चालावं यावर व्याख्यान ऐकून घेतलं.

मग काकांचे गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, पाठीवर पाच किलोच्या वर नको. काकूंनी ते मनावर घेतलं आणि रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला सॅक अडकवून बघायला लागल्या. तरी गेल्या हिवाळ्यात काका आले. लांबची चाल नको म्हणून पाचनईहून नुसताच हरिश्चंद्रगड. सॅक एवढीशी. पाठीवर पोळपाट होताच, पण सॅकच त्याच्याहून लहान दिसत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. ग्रॅमवीराने त्यांच्याबरोबर फोटो काढला. काका सुधारले म्हणून कोकणकड्यावर सूर्यास्ताला चहाचा टोस्ट झाला. चहात सुंठ होती. ती कुणाची होती, हा विचार तेव्हा कुणाला सुचला नाही.

रात्री गडावर कडाक्याची थंडी पडली. जेवणं झाली, सगळे आपापल्या झोपायच्या पिशव्यांत शिरले. काका पोळपाटावर बसून होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कुणाकडे जास्तीचं पांघरूण आहे का रे?"

मग उलगडा झाला. पाच किलो भरायचे, तर काहीतरी काढायला हवं होतं. हिंग काढलं नव्हतं, दाभण काढली नव्हती, बँडेज, सुतळी, सुंठ सगळं जागेवर होतं. काकांनी स्वतःचं अंथरूण-पांघरूण घरी ठेवलं होतं. सगळ्यांना लागणाऱ्या वस्तू आल्या होत्या, एकट्याला लागणारी तेवढी राहिली होती.

दहा-बारा जणांनी सॅका उपसल्या. पॉवर बँका निघाल्या, एक ब्लूटूथ स्पीकर निघाला, ड्रोनच्या बॅटऱ्या निघाल्या, प्रोटीन बारांचा ढीग निघाला, सेल्फी स्टिक निघाली. जास्तीची चादर एकाकडेही नव्हती. आमच्यातला प्रत्येक जण स्वतःपुरता तंतोतंत सज्ज होता. "राहू द्या रे, नाही लागत," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं, आणि ते सरळ सरळ खोटं होतं.

ग्रॅमवीर टॉर्च घेऊन बाहेर पडला. गडावर पिठलं-भाकरी देणाऱ्या मामांच्या झोपडीतून गोधडी घेऊन आला. चांगली दोन किलोंची, जुन्या लुगड्यांची. मामांनी पैसे घेतले नाहीत, "पोळपाटवाल्या बाबांना ना? न्या," एवढंच म्हणाले. काका पाच मिनिटांत झोपले आणि असे घोरायला लागले, की आमची रात्र पुन्हा जागरणात गेली. माणूस कुठल्याही मार्गाने झोप मोडतोच.

आता पुढच्या रेंजची तयारी चालू आहे. ग्रॅमवीराने एक्सेल पाठवलं. स्वतःच्या सामानाशेजारी त्याने एक नवा रकाना काढला आहे : 'इतरांसाठी'. त्यात एकच नोंद आहे, 'चादर, 1, 900 ग्रॅम'. हे नऊशे ग्रॅम त्याला किती जड गेले असतील, ते मी समजू शकतो. गटावर सगळ्यांनी अंगठे दाखवले, कौतुक झालं. काकांनी फक्त एका ओळीत उत्तर पाठवलं : "एक? दोन घे. आणि लाटण्याचं कोण बघतंय?"