सर्व्हर कुठाय?

नाना तुम्हाला माहीत आहेत. नाव वेगळं असेल, पण प्रत्येक सोसायटीत एक असतोच. त्याने अमेरिकन सॉफ्टवेअर सोडलेलं असतं आणि तुम्ही अजून का सोडलं नाही हे विचारायला तो लिफ्टपाशी उभा असतो. आमचे नाना सहकारनगरातले. कुठल्याही नव्या गोष्टीचं नाव काढा, ते चष्मा कपाळावर सरकवून एकच विचारतात, "सर्व्हर कुठाय?"

लॅबवाला म्हणाला, रिपोर्ट ॲपवर येईल. "सर्व्हर कुठाय?" भाच्याच्या लग्नाची पत्रिका लिंकवर आली. "सर्व्हर कुठाय?" भाजीवाल्या मावशींनी क्यूआर पुढे केला तेव्हाही तेच. मावशी म्हणाल्या, "तो गावी गेलाय, आज मीच आहे." फोनपे वॉलमार्टच्या मालकीचं, गूगल पेचं तर पाटीवरच नाव, म्हणून नाना पैसे देणार ते फक्त भीमवरून. दहा रुपयांच्या कोथिंबिरीपायी मागची रांग हे सगळं व्याख्यान उभ्याने ऐकते.

जीमेल सोडून नाना स्वित्झर्लंडला गेले. बँकेत पत्ता नोंदवायला मी बरोबर होतो. "नाना ॲट प्रोटॉन डॉट मी." समोरच्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच हो, कळलं. पुढे काय लिहू?"

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत काढला. सगळ्यांनी थ्रीमावर यावं. तेही स्विस, खाजगीपणाला चोख, फक्त विकत घ्यावं लागतं. 'विकत' ऐकताच अध्यक्षांनी चहा मागवला. पुढे 2025 च्या ऑगस्टात ट्रम्पसाहेबांनी आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं, महिन्याभरात चेन्नईच्या झोहोचं अरट्टाई जो तो उतरवून घेऊ लागला, आणि नानांचे दिवस आले. अख्खी सोसायटी तिकडे गेली. दिवाळीनंतर हळूहळू परतही आली. नानांच्या ग्रुपवर आता नाना आणि वॉचमन उरलेत. वॉचमन बाहेर कसं पडायचं ते विचारतोय. दरम्यान "टाकी धुणार, अकराला पाणी बंद" हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि अकरा वाजता नाना अंगभर साबण लावून उभे होते. तेव्हापासून काकूंच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आहे. नानांना ते माहीत नाही. मात्र रोज सकाळी ते भिंतीकडे बघत विचारतात, "पाण्याचं काही कानावर आलंय का?"

खरी पंचाईत सोवळ्याची. क्रोम टाकून नानांनी नॉर्वेचा व्हिवाल्डी ब्राउझर घेतला. भाच्याने शांतपणे सांगितलं की याच्या आतलं इंजिन क्रोमियम, म्हणजे मुळात गूगलचंच. चतुर्थीला खिचडी संपवल्यावर तिच्यात कांदा होता असं कळावं तसा चेहरा झाला त्यांचा. विंडोज काढून लिनक्स बसवलं, तर त्याचा जनक लिनस टोरवाल्ड्स फिनलंडचा खरा, पण राहतो ओरेगनमध्ये आणि 2010 पासून अमेरिकेचा नागरिक. नाना म्हणाले, "देह तिकडे असेल. 1991 साली लिहिलं ते हेलसिंकीत." सिग्नल ॲपही अमेरिकन हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मी तरी सांगणार नाही.

पण जुलै 2025 मध्ये आमची तोंडं बंद झाली. मुंबईत मुख्यालय आणि गुजरातेत वाडिनारला रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जीची मायक्रोसॉफ्टवरची ईमेल एका दिवसात बंद पडली. पैसे भरलेले होते, करार होता. रशियन भागीदारीमुळे युरोपने निर्बंध घातले होते, एवढंच. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे सेवा परत आली. मधल्या काळात त्यांनी मेलसाठी आपल्या रेडिफला गाठलं. नाना कात्रण घेऊन दारोदार फिरले. निर्बंध युरोपचे होते आणि नानांची टपाल कचेरी जिनिव्हाला आहे, याकडे मी लक्ष वेधलं. नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माळ्यावर चढले.

जुना लॅपटॉप, त्यावर नेक्स्टक्लाउड. हे जर्मन, पण यंत्र आपल्या घरात. गणपतीचं मखर आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या यांच्यामध्ये आता नानांचा क्लाउड गुरगुरत असतो. वीज गेली की क्लाउड विरतो. विजेपुरती तरी त्यांची भिस्त महावितरणवर आहे, म्हणजे मामला शंभर टक्के स्वदेशी.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना नानांनी असंच पिडलं होतं. मागे लागून लागून त्यांचे सगळे फोटो या माळ्यावर उतरवून घेतले. आम्ही हसलो होतो. आजोबा गेले. त्यांचं फोटोंचं खातं कुलूपबंद झालं. आजींनी कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली, उत्तरं यंत्राची आली. मग एका रविवारी नाना लॅपटॉप काखेत मारून वर गेले. आजोबा सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना, आजोबा नातीला सायकल शिकवताना, आजोबांनी चुकून काढलेले स्वतःच्या अंगठ्याचे कित्येक फोटो. आजींनी अंगठेसुद्धा पुसू दिले नाहीत. "मी सांगत होतो" हे नाना म्हणालेच, पण जिना उतरल्यावर आणि मला.

अमेरिकेने क्रे महासंगणक देताना हात आखडला, म्हणून पुण्यात 1988 साली सी-डॅक उभी राहिली आणि 1991 मध्ये परम 8000 तयार झाला, ही गोष्ट नाना दर महिन्याला सांगतात. तेव्हाही "दुसऱ्याच्या यंत्रावर किती दिवस?" असं विचारून लोकांना वात आणणारं कुणीतरी असणारच. असा माणूस शेजारी असणं त्रासाचंच असतं. पण आम्ही सगळे 'मान्य आहे' वर टिचकी मारून मोकळे होतो. अटी शेवटपर्यंत वाचणारे आमच्या इमारतीत नाना एकटेच.

तुमच्याकडचे नाना असतील त्यांना एकदा चहाला बोलवा. फोटोंच्या एका प्रतीची सोय होऊन जाईल. मात्र बोलावणं समक्ष जाऊन करा. मेसेज त्यांना मिळत नाही.